कचऱ्याच्या भट्टीतला नॉक्स: ओला कचरा, हवा आणि युरिया

कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाच्या चिमणीकडे बघून लोक दोन टोकांचे निष्कर्ष काढतात. धूर दिसला की 'विष सोडतायत', आणि काहीच दिसलं नाही की 'सगळं शुद्ध झालं'. यातला दुसरा निष्कर्ष जास्त फसवा. नायट्रोजनच्या ऑक्साइडांना कारखान्यांत सगळे 'नॉक्स' म्हणतात. चिमणीतल्या नॉक्सपैकी ९० ते ९५ टक्के भाग नायट्रिक ऑक्साइडचा असतो आणि त्याला रंगच नाही. बॅग फिल्टर धूळ अडवतो, चुना हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड शोषून घेतो. नायट्रिक ऑक्साइड धूळ नाही, चुन्याला दाद देत नाही आणि पाण्यातही जवळपास विरघळत नाही. त्यामुळे धूर साफ करणाऱ्या सगळ्या यंत्रणेतून तो सुखरूप पार होतो. बाहेर पडल्यावर हवेत त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि पुढे ऊन व सेंद्रिय बाष्पं मिळाली की ओझोन.

पुणे परिसरात हा प्रश्न आता पुस्तकातला राहिलेला नाही. मोशीला पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या ७०० टन रोज क्षमतेच्या आणि १४ मेगावॉटच्या प्रकल्पाचं उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ला झालं. पुणे शहरातून रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा निघतो आणि त्यातल्या कोरड्या, न विकल्या जाणाऱ्या भागाचं आरडीएफ, म्हणजे कचऱ्याचं इंधन, करून ते सिमेंटच्या भट्ट्यांना पाठवता येतं. शिवाय डिसेंबर-जानेवारीत सकाळी झाडलोट झाली की कोपऱ्याकोपऱ्यावर पेटणारे पाल्याचे ढीग आहेतच. तिन्ही ठिकाणी कचराच जळतो, पण नॉक्स तयार होण्याची कारणं आणि त्यावरचे उपाय सारखे नाहीत. हे लेखन मुख्यतः जाळीवरच्या भट्टीबद्दल, म्हणजे वीज प्रकल्पात कचरा जाळीवर पसरून जाळतात त्या भट्टीबद्दल, आहे.

हा नायट्रोजन येतो कुठून?

हवेत ७८ टक्के नायट्रोजन, म्हणून नॉक्स हवेतूनच येत असणार, असा सर्रास समज आहे. डिझेल इंजिनाबाबत आणि सिमेंटच्या भट्टीबाबत तो बराचसा खरा आहे. हवेतल्या नायट्रोजनच्या रेणूतली जोडी फोडायला जबरदस्त उष्णता लागते. साधारण १,३०० अंशांखाली ही क्रिया नगण्य असते आणि १,५०० च्या वर ती झपाट्याने वाढते. सिमेंटच्या भट्टीतली मुख्य ज्वाला २,००० अंशांच्या घरात जाते, तेव्हा तिथे हा 'औष्णिक' नॉक्स भरपूर. जाळीवरच्या कचऱ्याच्या भट्टीत मात्र वायू ८५० ते १,१०० अंशांत फिरतात. तिथला बहुतेक नॉक्स कचऱ्यातच बांधलेल्या नायट्रोजनमधून येतो. अपवाद फक्त तेलाच्या सपोर्ट बर्नरचा: तो सुरू असला की त्याच्या ज्वालेच्या गाभ्यात औष्णिक नॉक्सही तयार होतो.

एक हिशोब करून बघा. मिश्र कचऱ्यात ०.७ टक्के नायट्रोजन धरला तर टनामागे ७ किलो. हा सगळाच्या सगळा नॉक्स झाला, तर नायट्रोजन डायऑक्साइड म्हणून मोजून २३ किलो होईल. एक टन कचऱ्यामागे ११ टक्के ऑक्सिजनवर ५,००० नॉर्मल घनमीटर (शून्य अंश आणि समुद्रसपाटीच्या दाबाला मोजलेला) कोरडा वायू धरला, तर तीव्रता निघते घनमीटरला ४,६०० मिलिग्रॅम. पुढचे मिलिग्रॅमही असेच, घनमीटरमागचे. प्रत्यक्षात युरिया (नॉक्स मोडायला भट्टीत फवारतात तो) न मारता भट्टीतून साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम येतात. म्हणजे नायट्रोजनचा जेमतेम ७-८ टक्के भाग नॉक्स होतो, बाकीचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. सगळा खेळ या ७-८ टक्क्यांचा आहे. हवेची मांडणी बिघडली की ते १० होतात, नीट केली की ५ वर येतात.

असं का होतं, तेही बघू. कचरा तापला की त्यातला नायट्रोजन आधी अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइड या रूपांत सुटतो. त्यांना तिथेच मुबलक ऑक्सिजन भेटला तर नायट्रिक ऑक्साइड होतो. ऑक्सिजनऐवजी आधीच तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड भेटला, तर दोघांतून साधा नायट्रोजन होतो. ही दुसरी भेट घडवून आणणं म्हणजेच नॉक्स नियंत्रण. हवेच्या टप्प्यांनी ती फुकटात घडते, युरियाने पैसे मोजून.

मग नायट्रोजन असतो कशात? उरलेलं अन्न, विशेषतः डाळी, मांस-मासळी, केस, लोकर, चामडं, नायलॉन, गाद्या-सोफ्यातला फोम, आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे फर्निचरच्या कामातले एमडीएफ व पार्टिकल बोर्डचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे) तुकडे. या बोर्डांना जोडणारा डिंक युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो, त्यामुळे साध्या लाकडापेक्षा त्यांत नायट्रोजन कितीतरी पटींनी जास्त. पेटीएवढ्या छोट्या दुकानापासून मॉड्युलर किचनच्या कारखान्यापर्यंत सगळीकडून हा माल येतो आणि उष्मांक चांगला म्हणून भट्टीवाले खुशीने घेतात. पॉलिथिन, पॉलिप्रोपिलिन, पेट बाटल्या यांत नायट्रोजन जवळपास नसतो. सुती कापड आणि कागदातही अगदी थोडा. सांडपाण्याच्या गाळात मात्र कोरड्या वजनाच्या ३ ते ७ टक्के. 'थोडा गाळ कचऱ्यात मिसळून जाळू' असा प्रस्ताव आला की हा आकडा विचारात घ्यायलाच हवा.

पाल्याचंही तेच. ताज्या कापलेल्या गवतात नायट्रोजन भरपूर असतो आणि रेन ट्री, गुलमोहर, टेकड्यांवरचं गिरिपुष्प ही सगळी शेंगाकुळातली झाडं, म्हणून त्यांचा पालाही त्या मानाने नायट्रोजनयुक्त. खतासाठी उत्तम, जाळायला वाईट.

रस्त्याकडेच्या ढिगाबद्दल थोडंसं

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या उत्सर्जन गुणांकांनुसार उघड्यावर जाळलेल्या एक टन शहरी कचऱ्यातून सुमारे ३ किलो नॉक्स, ८ किलो धूलिकण आणि ४२ किलो कार्बन मोनॉक्साइड निघतो. आपला कचरा वेगळा आहे, तेव्हा आकडे अंदाजापुरते घ्या. आता भट्टीशी तुलना करा. २०१६ च्या घनकचरा नियमांत नॉक्सची मर्यादा ४०० मिलिग्रॅम होती, म्हणजे टनामागे २ किलो. धुळीची मर्यादा ५० मिलिग्रॅम, म्हणजे टनामागे पाव किलो. थोडक्यात, धुळीत भट्टी ढिगापेक्षा तीसपटीहून जास्त चांगली, पण नॉक्समध्ये जेमतेम दीडपट. म्हणूनच 'उघड्यावर जाळण्यापेक्षा प्रकल्प बरा' हे वाक्य नॉक्सच्या बाबतीत आपोआप खरं ठरत नाही. ते खरं करून दाखवावं लागतं.

ढिगाला नॉक्स नियंत्रण असं काही नसतंच. न पेटवणं हाच उपाय. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. हिवाळ्यात टेकड्यांनी वेढलेल्या पुण्यावर रात्री गार हवेचा थर बसतो आणि सकाळी दहापर्यंत हलत नाही. त्या थराखाली दीड मीटर उंचीवर सोडलेला धूर आणि ३० मीटरच्या चिमणीतून सोडलेला धूर यांत किलोंचा हिशोब सारखा असला, तरी नाकापर्यंत पोचणारा वाटा सारखा नसतो.

आधी हवा

जाळीचे तीन भाग असतात: सुरुवातीला कचरा वाळतो, मध्ये पेटतो, शेवटी निखारे जळून राख होते. प्रत्येक भागाखालची हवा वेगळ्या डॅम्परने (हवेच्या झडपेने) सोडता यायला हवी. खालून येणारी ती प्राथमिक हवा, साधारण ६० ते ६५ टक्के. वरून, भट्टीच्या छताजवळ दोन्ही भिंतींतल्या नोझलांमधून जोरात मारलेली ती दुय्यम हवा, बाकीची. मधल्या भागावर जळायला लागते त्याहून थोडी कमी हवा ठेवायची, म्हणजे तिथे अमोनिया आणि नायट्रिक ऑक्साइड एकमेकांना भेटतात, आणि न जळलेला वायू वर दुय्यम हवेने जाळायचा. दुय्यम हवेचा झोत नोझलाशी सेकंदाला ५० ते ८० मीटर वेगाचा नसेल, तर तो वायूच्या प्रवाहात घुसत नाही. भिंतीलगतच वर जातो आणि मधून कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे निसटतात.

बॉयलरच्या बाहेर पडताना ऑक्सिजन ६ ते ८ टक्के असावा. बऱ्याच ठिकाणी तो १०-११ सापडतो. ऑपरेटरचं गणित सोपं असतं: जास्त हवा दिली की कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजत नाही. नॉक्स मात्र वाढतो, वायूचं आकारमान वाढतं, धूर ओढून चिमणीकडे पाठवणारा आयडी फॅन तुंबतो आणि वाफ कमी होते. कमी करायचं तर सावकाश: ऑक्सिजनचं लक्ष्य अर्ध्या टक्क्याने खाली आणायचं, अर्धा-पाऊण तास थांबायचं, कार्बन मोनॉक्साइडची सरासरी नव्हे तर त्याची टोकं बघायची. टोकं यायला लागली की एक पायरी मागे. २०१६ च्या नियमांत कार्बन मोनॉक्साइडला अर्ध्या तासाला १०० आणि दिवसाच्या सरासरीला ५० मिलिग्रॅम एवढीच मोकळीक होती, त्यामुळे इथे धाडस करायला फारसा वाव नाही. आणखी एक धोका: पाणभिंतींच्या (आत पाणी फिरणाऱ्या नळ्यांच्या बॉयलर-भिंतींच्या) नळ्यांलगत ऑक्सिजन कायम कमी राहिला, तर क्लोरीनमुळे नळ्या झपाट्याने पातळ होतात.

ऑक्सिजन खाली येतच नसेल तर डॅम्परला हात लावण्याआधी गळती शोधा. राख बाहेर काढणाऱ्या यंत्रातलं पाणी कमी झालं की तिथून हवा आत ओढली जाते. फीड हॉपरमध्ये कचऱ्याची उंची घटली की तिथूनही. तपासणीच्या दारांच्या फटी बंद करणारे दोर झिजलेले असतात. ही 'चोरटी' हवा थंड असते आणि नको तिथे शिरते.

पुण्याची उंची हाही बारीक पण खराखुरा मुद्दा आहे. सुमारे ५६० मीटरवर हवेचा दाब ९४७ मिलिबारच्या आसपास, म्हणजे समुद्रसपाटीपेक्षा साडेसहा टक्के कमी. समुद्रसपाटीसाठी निवडलेला, भट्टीत हवा ढकलणारा एफडी फॅन तेवढ्याच फेऱ्यांना इथे साडेसहा टक्के कमी ऑक्सिजन देतो. उलट भट्टीतला वायू तेवढाच जास्त फुगतो. तासाला साडेबारा टन जाळणाऱ्या भट्टीत ९५० अंशांवर २ सेकंद थांबायला समुद्रसपाटीला १३९ घनमीटर जागा पुरत असेल, तर इथे १४९ लागते. नकाशा दुसऱ्या शहरातला उचलून आणला की ही तूट कागदावर कुठेच दिसत नाही.

वायूचं पुनर्भ्रमण हा पुढचा टप्पा. बॅग फिल्टरनंतरचा १० ते २० टक्के वायू परत आणून दुय्यम हवेच्या काही भागाऐवजी मारायचा. वेग आणि घुसळण तीच राहते, ऑक्सिजन कमी जातो; नॉक्स साधारण १० ते २५ टक्के उतरतो. त्याचा त्रास म्हणजे नळकांड्याचा गंज. इन्सुलेशन एका जागी उघडं पडलं की तिथे बाष्प साचतं आणि वर्षभरात भोक पडतं.

आणि हे सगळं फुकट घालवण्याची ताकद असलेला माणूस म्हणजे क्रेनचालक. खड्ड्यातला कचरा पाच-सात दिवस मुरू देऊन, ओला-सुका उलथापालथ करून मिसळला तर भट्टी शांत चालते. पावसाळ्यात मंडईचा चिंब कचरा सरळ हॉपरमध्ये टाकला की तापमान पडतं, ऑपरेटर बर्नर लावतो, मग पाठोपाठ फोमचा गठ्ठा येतो आणि तापमान उसळतं. दोन्ही वेळा नॉक्स बिघडतो. क्रेनचालकाला अर्धकुशल कामगार समजून पगार देणं ही माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात महागडी काटकसर आहे.

मग युरिया

हवेने जे साधतं ते साधून झाल्यावर युरियाची वेळ. तापलेल्या वायूत युरियाचं द्रावण फवारलं की त्यातून अमोनिया सुटतो आणि तो नायट्रिक ऑक्साइडचा नायट्रोजन व पाणी करतो. उत्प्रेरक लागत नाही; लागतं ते तापमान. सुमारे ८५० ते १,०५० अंश ही खिडकी, त्यातही ९०० ते १,००० हा मधला पट्टा उत्तम. १,१०० च्या वर गेलात की अमोनिया स्वतःच जळून नायट्रिक ऑक्साइड होतो, म्हणजे पैसे घालून नॉक्स वाढवल्यासारखं. ८०० च्या खाली अमोनिया न वापरता तसाच पुढे जातो. याला एसएनसीआर (उत्प्रेरकाविना नॉक्स मोडणं) म्हणतात आणि नीट बसवलेल्या यंत्रणेने ३० ते ६० टक्के घट मिळते.

किती युरिया लागेल? रोज ३०० टनांची, म्हणजे तासाला १२.५ टनांची भट्टी घ्या. वायू तासाला ६२,५०० नॉर्मल घनमीटर. नॉक्स ३५० वरून २०० वर आणायचा आहे. ३५० मिलिग्रॅमने तासाला २१.९ किलो नॉक्स, म्हणजे सुमारे ४७५ मोल. एका नायट्रिक ऑक्साइडला एक अमोनिया लागतो. पण सगळा कामी येत नाही म्हणून दीडपट धरायचा, म्हणजे ७१३ मोल. युरियाच्या एका रेणूतून दोन अमोनिया मिळतात, म्हणून युरिया ३५७ मोल, म्हणजे तासाला २१.४ किलो. ४० टक्के द्रावण तासाला साधारण ४८ लिटर आणि दिवसाला सव्वापाचशे किलोच्या आत कोरडा युरिया. इथे ४३ टक्के घटीसाठी दीडपट युरिया जातो, म्हणजे अमोनियाचा तीस टक्क्यांहूनही कमी भाग खरोखर उपयोगी पडतो. दुप्पट मारून घट दुप्पट होत नाही, गळती होते.

द्रावण करायची पद्धत: १,००० किलोसाठी ४०० किलो तांत्रिक दर्जाचा युरिया आणि ६०० लिटर आरओ किंवा डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी. युरिया विरघळताना उष्णता शोषतो. द्रावण वीस-पंचवीस अंशांनी गार पडतं. गार पाण्यात टाकलात तर तळाशी चिखल बसतो. पाणी ५० ते ६० अंशांवर घ्या, ढवळणी चालू ठेवा, युरिया थोडाथोडा सोडा. साठ्याच्या टाकीत ६० च्या वर तापवत राहू नका, युरिया फुटून टाकीतच अमोनिया सुटायला लागतो. शेवटी हायड्रोमीटरने घनता बघा; ४० टक्क्यांना ती १.११ च्या आसपास येते. '५० टक्के केलं तर टाकी कमी वेळा भरावी लागेल' हा मोह टाळा. ५० टक्के द्रावण साधारण १७ अंशांखाली खडे धरायला लागतं आणि पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. ४० टक्क्यांचं द्रावण शून्याच्या जवळपास जाईपर्यंत टिकतं.

बोअरचं पाणी तर चुकूनही नको. युरियाच्या द्रावणात अमोनियाचा अंश असल्याने ते अल्कली बनतं आणि कठीण पाण्यातलं कॅल्शियम क्षार होऊन नोझलमध्ये बसतं. शेतीचा युरियाही नको. तो २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाने माखलेला येतो, त्याचा थर गाळण्यांवर बसतो. शिवाय अनुदानाचं खत कारखान्यात वापरणं हा गुन्हा आहे. टाक्या एचडीपीई किंवा स्टेनलेसच्या. पितळ आणि तांब्याचे व्हॉल्व्ह, जोड, गेज अमोनिया खाऊन टाकतो. प्लंबरने 'सध्यापुरता' लावलेला पितळी कॉक हमखास सापडतो.

तासाला ४८ लिटर द्रव मोठ्या भट्टीत पसरणार कसा? म्हणून फवारण्याआधी त्यात तासाला २५० ते ३०० लिटर पाणी मिसळतात. लान्समधून (भट्टीत खुपसलेल्या फवारणीच्या नळीतून) ३ ते ५ बारच्या हवेने त्याचे थेंब करतात. थेंब फार बारीक झाले तर भिंतीजवळच सुकतात आणि मधल्या नॉक्सपर्यंत पोचत नाहीत. फार जाड झाले तर समोरच्या नळ्यांवर आदळून त्या झिजवतात. लान्स बंद करताना आधी पाण्याने धुवायची आणि द्रव बंद असला तरी थंड करणारी हवा चालू ठेवायची. नाहीतर टोकाला उरलेला युरिया भाजून दगडासारखा घट्ट होतो. तो छिन्नीनेच निघतो, आणि नोझलसकट.

तापमान मोजणं हा इथला सगळ्यात मोठा घोळ. भिंतीतून आत घातलेलं साधं थर्मोकपल थंड पाणभिंतींना उष्णता देत राहतं आणि खऱ्या तापमानापेक्षा ५० ते १०० अंश, कधी त्याहूनही कमी दाखवतं. पडद्यावर ९५० वाचून समाधान मानलेलं असतं, वायू असतो १,०४० वर. खरं तापमान सक्शन पायरोमीटरने, म्हणजे वायू आत ओढून मोजणाऱ्या यंत्राने, घ्यायचं, निदान सुरुवातीला आणि मोठ्या दुरुस्तीनंतर. दुसरं म्हणजे नळ्यांवर राख चढत जाते तशी खिडकी वर सरकते. साफ बॉयलरमध्ये खालची लान्स बरोबर असते, दोन महिन्यांनी तीच जागा जास्त गरम झालेली असते. म्हणून दोन किंवा तीन उंचींवर लान्स लावतात आणि तापमानानुसार पातळी बदलतात. एकच पातळी बसवून वाचवलेले पैसे युरियात जातात.

बिघाड ओळखायच्या काही खुणा. युरिया वाढवल्यावर नॉक्स वाढला: फवारणी फार गरम जागी. युरिया वाढवला, नॉक्स तसाच, अमोनिया चढला: जागा थंड आहे किंवा थेंब पोचत नाहीत, लान्स एकेक करून बंद करून बघा, एखादी तुंबलेली सापडेल. चिमणीच्या तोंडाशी काही नाही पण थोडं पुढे गेल्यावर पांढरा पट्टा दिसतो: निसटलेला अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड गार हवेत एकत्र येऊन नवसागर तयार होतोय. गार सकाळी हा पट्टा जास्त उठून दिसतो. फिल्टरची राख ओली केली किंवा सिमेंटमध्ये मिसळली की डोळे चुरचुरणारा वास: राखेत अमोनिया बसलाय आणि चुन्याची अल्कली तो बाहेर काढते. हे राखेजवळच्या कामगारांचं दुखणं आहे, चिमणीच्या अहवालात ते येतच नाही. इकॉनॉमायझरवर (बॉयलरच्या शेवटी पाणी तापवणाऱ्या नळ्यांवर) चिकट थर चढत असेल तर अमोनियम बायसल्फेटचा संशय घ्या. युरोपीय संघाच्या कचरा भट्ट्यांसाठीच्या दस्तऐवजात अमोनियाच्या गळतीसाठी २ ते १० मिलिग्रॅम हा पट्टा धरलाय. तेवढं लक्ष्य इथेही ठेवायला हरकत नाही.

त्याच युरोपीय दस्तऐवजात, २०१९ च्या, नव्या भट्ट्यांसाठी नॉक्सचा पट्टा ५० ते १२० मिलिग्रॅम आहे. त्याच्या खालच्या टोकाला जायचं तर सहसा उत्प्रेरक लागतो. टायटॅनियमवर बसवलेल्या व्हॅनेडियमच्या जाळीदार विटा, फिल्टरनंतर २३० ते ३०० अंशांवर. ८० ते ९० टक्के घट आणि डायॉक्सिन ही क्लोरीनची विषारी संयुगंही मोडतात. किंमत, वायू पुन्हा तापवायची ऊर्जा आणि राखेतल्या सोडियम-पोटॅशियमने विटा निकामी होणं हे त्याचे भोग. ४०० ची मर्यादा गाठायला त्याची गरज नाही.

आकडा वाचताना

अहवालातल्या नॉक्सच्या आकड्याला तीन प्रश्न विचारायचे. पहिला, ऑक्सिजन किती होता? १५ टक्के ऑक्सिजनवर मोजलेले १८० मिलिग्रॅम ११ टक्क्यांवर आणले की ३०० होतात: १८० ला २१ वजा ११, म्हणजे १० ने गुणायचं आणि २१ वजा १५, म्हणजे ६ ने भागायचं. दुसरा, नायट्रिक ऑक्साइड म्हणून लिहिलंय की नायट्रोजन डायऑक्साइड म्हणून? २०० मिलिग्रॅम नायट्रिक ऑक्साइड म्हणजे ३०७ मिलिग्रॅम नायट्रोजन डायऑक्साइड, आणि मर्यादा दुसऱ्या रूपात आहे. तिसरा, पीपीएमवरून रूपांतर कोणत्या तापमानाला? शून्य अंशाला एक पीपीएम म्हणजे २.०५ मिलिग्रॅम, २५ अंशांना १.८८. १५० पीपीएमचे अनुक्रमे ३०८ आणि २८२ होतात. तिन्ही चुका एकाच दिशेने झाल्या तर मर्यादा ओलांडलेली भट्टीसुद्धा कागदावर आदर्श दिसते.

ओला कचरा काढला की काय होतं

ओला कचरा वेगळा केला की नायट्रोजन कमी होतो, पाणी कमी होतं, तापमान स्थिर राहतं. नॉक्ससाठी सगळंच चांगलं. पण भट्टीला उष्णतेची मर्यादा असते, टनांची नव्हे. किलोला १,८०० किलोकॅलरीच्या कचऱ्यासाठी तासाला १२.५ टन अशी बांधलेली भट्टी तासाला २२.५ दशलक्ष किलोकॅलरी पचवते. वर्गीकरण सुधारून कचरा २,५०० किलोकॅलरीचा झाला, तर तीच भट्टी तासाला ९ टनच घेऊ शकते. ऑपरेटरने तरीही साडेबारा टन रेटले तर भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान १,१०० च्या पार जातं, युरियाची खिडकी लान्सच्या वर सरकते आणि नॉक्स उलट वाढतो. तेव्हा बिल टनावर मिळत असलेल्या ठेकेदाराला चांगलं वर्गीकरण म्हणजे सरळ तोटा.

हा गुंता निविदेतच सोडवावा लागतो. कचऱ्याच्या उष्मांकाचा एक आकडा लिहू नये, पट्टा लिहावा, उदाहरणार्थ १,५०० ते २,८०० किलोकॅलरी. त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना तापमान, दोन सेकंदांचा थांबा आणि नॉक्स यांची चाचणी करून दाखवण्याची अट घालावी. मोबदल्याचा मोठा भाग टनांऐवजी उपलब्धतेवर आणि विजेवर ठेवावा. आणि लान्सच्या तीन पातळ्यांची छिद्रं पाणभिंतींत कारखान्यातच काढून घ्यावीत, लान्स नंतर लावल्या तरी चालतील. चालू बॉयलरच्या नळ्या वाकवून छिद्र काढायचं म्हणजे भट्टी काही आठवडे बंद, आणि तोवर कचरा पुन्हा डेपोत.